शिवरात्र झाली म्हणून बी टाकू नका

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतात. बागेचं काम या हिशेबाने करायला गेलं की पंचाईत होते. 2024 मध्ये महाशिवरात्र 8 मार्चला होती, 2025 मध्ये 26 फेब्रुवारीला आणि 2026 मध्ये तर 15 फेब्रुवारीला. तिथी अशी तीन-तीन आठवडे मागेपुढे सरकते आणि हवामान तिथीलाही जुमानत नाही. फेब्रुवारी 2019 च्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात पारा 5 अंशांच्या आसपास उतरला होता. चारच वर्षांनी, 2023 चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या सरासरीत 1901 पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. महिना तोच, गच्ची तीच, पण एका वर्षी झाडं गारठतात आणि दुसऱ्या वर्षी होरपळतात.

म्हणून वसंताची तयारी करताना कॅलेंडर बाजूला ठेवा आणि रात्रीच्या तापमानाकडे बघा. दुपारी घामाच्या धारा लागल्या म्हणून उन्हाळा आला असं होत नाही. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात फेब्रुवारीत दुपारी 32-33 अंश आणि पहाटे 12-13 हे नेहमीचंच आहे. दुपारी तापलेली माती रात्रभर निवत जाते आणि पहाटे मुळांभोवती गारवा असतो. किमान तापमान सलग आठवडाभर 15-16 अंशांच्या खाली गेलं नाही, की थंडी खरी गेली असं समजायला हरकत नाही. वर्तमानपत्रात रोजचा किमान आकडा येतोच. तरी घरातला साधा तापमापक पहाटे बाल्कनीत टांगून एकदा बघाच, कारण शहराच्या वेधशाळेचा आकडा आणि तुमच्या सहाव्या मजल्यावरचा आकडा यात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो.

या दिवसांत हमखास घडणारी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सकाळी अकरा-साडेअकराला कढीपत्ता, जास्वंद किंवा टोमॅटोचं रोप मान टाकतं. माती तर ओली असते. वरच्या पानांना ऊन लागून त्यांच्यातून पाणी झपाट्याने उडत असतं, पण गार मातीतली मुळं त्या वेगाने पाणी ओढू शकत नाहीत. आपण मात्र झाड सुकलंय असं समजून तांब्याभर पाणी ओततो. माती आणखी गार होते, मुळांना हवा मिळत नाही आणि चार-पाच दिवस असंच चाललं की मुळं कुजायला लागतात. फेब्रुवारीत घरच्या कुंड्यांमधली झाडं मरतात ती बहुतेक अशी, मायेपोटी दिलेल्या पाण्याने. मान टाकलेल्या झाडाला पाणी देण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर कुंडी तासभर सावलीत सरकवा आणि संध्याकाळी बघा. झाड ताठ झालेलं असेल तर त्याला पाण्याची गरज नव्हती.

थंडी पुरती जाईपर्यंत झाडांना हात लावायची घाई नको. तेवढ्या वेळात मातीचं काम उरकून घ्यावं. माझं स्पष्ट मत आहे की फेब्रुवारीचे पहिले दोन-तीन आठवडे माती, खत आणि कुंड्या यांनाच द्यावेत. वर्षभरात या कामाला याहून चांगला काळ नाही. हवा कोरडी असते, ऊन कडक पण सोसवेल असं असतं आणि पाऊस (अवकाळी आला नाही तर) आड येत नाही.

मोकळ्या झालेल्या कुंड्या एखाद्या जुन्या प्लॅस्टिकवर किंवा ताडपत्रीवर पालथ्या करा. ढेकळं फोडताना नीट बघा. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या गुबगुबीत अळ्या सापडल्या तर त्या हुमणीच्या असण्याची शक्यता मोठी. त्या मुळं कुरतडतात, आणि वरून झाड का खंगतंय याचा पत्ता लागत नाही. वेचून बाहेर काढा. बुलबुल, साळुंक्या पुढचं बघून घेतात. जुन्या मुळांची जाळी, खडे, प्लॅस्टिकचे तुकडे काढून टाका आणि मातीचा तीन-चार इंच जाडीचा थर पसरून आठवडाभर ऊन द्या. रोज एकदा खालीवर केलीत तर उत्तम. आधीच्या हंगामात टोमॅटो किंवा वांगं मर रोगाने गेलं असेल, तर ती माती पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची यांना वापरू नका. तिच्यात भेंडी, काकडी किंवा पालेभाजी घ्या.

ऊन खाल्लेली माती निर्जीव झालेली असते, तिला खत हवं. इथे फसवणूक होते ती शेणखताची. रोपवाटिकेत पोत्यात भरून मिळतं त्यातलं बरंच अर्धकच्चं असतं. तपासायची सोपी रीत आहे. अर्धी बादली खत घ्या, थोडं पाणी शिंपडून ओलसर करा, वर गोणपाट टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी हात आत घाला. कोमट लागलं, तर ते अजून कुजतंय. असं खत कुंडीत घातलं की आतली उष्णता कोवळी मुळं जाळते, शिवाय वाळवीला आणि हुमणीच्या भुंगेऱ्यांना ते आमंत्रण असतं. चांगलं कुजलेलं शेणखत हाताला गार लागतं, चहापत्तीसारखं भुरभुरीत असतं आणि त्याला शेणाचा वास येत नाही. कच्चं निघालं तर फेकू नका. ओलसर ठेवून, झाकून एका कोपऱ्यात महिना-दीड महिना राहू द्या.

मिश्रणाचं प्रमाण गावोगावी बदलतं, कारण माती बदलते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. कुंडीत ती निम्म्याहून कमीच असू द्या, बाकी शेणखत, कोकोपीट आणि थोडी जाड वाळू. कोकणातल्या जांभ्याच्या मातीतून पाणी सरसर निघून जातं आणि ती आम्लही असते. तिथे कंपोस्ट आणि पालापाचोळ्याचं खत सढळ हाताने घाला. पुण्या-मुंबईच्या गच्चीवर वजनाचा प्रश्न असतो. तिथे माती दोन भाग, चांगलं कुजलेलं खत दोन भाग, कोकोपीट एक भाग आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड हे प्रमाण बसतं. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा क्षार असतात. वीट भिजवून फुगली की ते पाणी पिळून टाका आणि पुन्हा एकदा स्वच्छ पाण्यात भिजवा, मगच वापरा. पाच किलोच्या विटेचं साधारण 60 ते 70 लिटर कोकोपीट होतं, त्यामुळे चार-सहा कुंड्यांसाठी मोठी वीट आणून पसारा वाढवायचं कारण नाही.

तयार मिश्रण लगेच वापरू नका. ओलसर करून पंधरा दिवस झाकून ठेवलं तर ते मुरतं. तोवर थंडीचाही निकाल लागलेला असतो.

आता छाटणी. कात्री हातात आली की थांबवत नाही, हा बागकाम करणाऱ्यांचा जुना रोग. पण प्रत्येक झाडाची वेळ वेगळी. मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात होऊन जायला हवी. गुडघ्याएवढा ठेवा, वाळक्या आणि आत वळलेल्या काड्या काढा, उरलेली जुनी पानं ओरबाडून टाका, थोडे दिवस पाणी तोडा आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी द्या. नव्या फुटव्यांवरच कळ्या येतात. छाटणी टाळली की मोगरा वेलासारखा सुटतो आणि गजऱ्यापुरतीही फुलं मिळत नाहीत. जास्वंदीला मात्र थांबा. किमान तापमान चढल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस, एक तृतीयांश उंची कमी करा. कढीपत्त्याची पानं थंडीत पिवळी पडून गळतात. त्याला रोग समजून औषध मारू नका. फेब्रुवारीच्या शेवटी शेंडे खुडले आणि पंधरा दिवसांतून एकदा आंबट ताक चारपट पाण्यात मिसळून घातलं की मार्चमध्ये तांबूस पालवी फुटते. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या काढा, बी पुडीत बांधून ठेवा.

गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात होते. आत्ता फक्त सुकलेली फुलं दोन-तीन पानांखालून कापा. फेब्रुवारीत गुलाब खोडापर्यंत छाटला, तर कोवळे फुटवे नेमके एप्रिलच्या उन्हात सापडतात. शेवंतीचा बहर संपला असेल तर जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा. बुडाशी काश्या फुटतील. त्या जपा, उन्हाळाभर सावलीत ठेवा, पुढच्या वर्षीची शेवंती त्यांच्यातून येते. ॲडेनियम थंडीत झोपलेलं असतं. खोड बोटाने दाबून बघा. मऊ लागलं आणि माती ओली असेल तर पाणी ताबडतोब बंद करा. मऊ खोड आणि कोरडी माती असेल तर त्याला तहान लागली आहे.

लिंबाला या दिवसांत आंबे बहार असतो. फुलं आणि वाटाण्याएवढी फळं धरलेली असताना पाण्यात खंड पडू देऊ नका आणि एकदम पूरही आणू नका, दोन्हीने गळ होते. अंगणात हापूस किंवा पायरी असेल आणि झाड मोहोरलेलं असेल, तर उलट. फळं वाटाण्याएवढी होईपर्यंत मोठ्या झाडाला पाणी देऊ नये, नाहीतर पालवी फुटून मोहोर मागे पडतो. आणि मोहोरावर मधमाश्या व माश्या फिरत असताना दुपारी कसलीही फवारणी नको. त्या आल्या नाहीत तर आंबाही येणार नाही.

उन्हाळी भाज्यांच्या बियांची घाई सर्वांत जास्त होते. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं, दुधी यांना उबदार माती लागते. गार मातीत भेंडीचं बी दहा-बारा दिवस पडून राहतं आणि बऱ्याचदा कुजतं. तेच बी 25 अंशांच्या वर पाच-सहा दिवसांत डोकं वर काढतं. म्हणजे आठ फेब्रुवारीला पेरलेलं आणि चौदा फेब्रुवारीला पेरलेलं बी एकाच सुमाराला उगवू शकतं, फक्त पहिल्यातलं निम्मं वाया जातं. लवकर पेरायचंच असेल तर रोपं घरात करा. कागदी पेल्यात किंवा दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, तळाला भोक पाडून, स्वयंपाकघराच्या खिडकीत. काकडीवर्गातल्या वेलांची मुळं हलवलेली चालत नाहीत, म्हणून पेला अलगद फाडून मातीच्या गोळ्यासकट लावा. कारल्याच्या बियाचं टरफल कठीण असतं; टोकदार कड नेलकटरने किंचित कापून रात्रभर भिजत घाला.

सगळं बी एकाच दिवशी लावू नका. पुडीतला तिसरा हिस्सा आत्ता, तिसरा दहा दिवसांनी, उरलेलं आणखी दहा दिवसांनी. एखादी थंडीची लाट किंवा गारपीट पहिल्या हप्त्याचं नुकसान करेल, तरी दोन हप्ते हातात राहतात. आणि सगळं जगलं तर भेंडी एकाच आठवड्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत बसावी लागत नाही. मागच्या वर्षीचं बी असेल तर ओल्या फडक्यात दहा बिया गुंडाळून आठवडाभर ठेवा. सहापेक्षा कमी मोडावल्या तर नवी पुडी आणा.

मेथी, पालक, कोथिंबीर यांचा शेवटचा वाफा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यानंतर ही रोपं पानं धरण्याआधीच फुलावर येतात. मग माठ, तांदुळजा, अंबाडी यांच्याकडे वळा, ऊन या भाज्यांना मानवतं. टोमॅटोबद्दल मी फारशी आशा दाखवणार नाही. रात्री गरम झाल्या की फुलं गळतात, फळ धरत नाही. आत्ता फुलावर असलेलं रोप सांभाळा, नवीन लावायचं ते पावसाळ्यात.

मार्चचं ऊन अचानक येतं. कोकणात आणि मुंबईत तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातही उष्णतेच्या लाटेचा इशारा निघतो. हवामान खात्याच्या निकषात मैदानी भागासाठी 40 अंशांचा आकडा धरतात, किनारपट्टीसाठी 37 चाच. त्यामुळे सावलीची सोय आधीच करून ठेवा. हिरवी शेडनेट 50 टक्क्यांची पुरते. भाज्यांवर 75 टक्क्यांची लावली तर वेल नुसते लांबतात, फळ देत नाहीत. जाळी पश्चिमेकडून आणि वरून बांधा, पूर्वेचं कोवळं ऊन येऊ द्या. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवू नका, त्यांच्या भिंतीलगतची मुळं शिजतात. कुंड्यांखाली विटा ठेवल्या की स्लॅबची धग लागत नाही आणि पाण्याचा निचराही नीट होतो. सोसायटीत खालच्या मजल्यावर गळती झाली की पहिला संशय तुमच्या कुंड्यांवर येणार असतो.

आच्छादनासाठी वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट, जे मिळेल ते दोन इंच जाडीने पसरा. पण थंडी असेपर्यंत नाही. आच्छादनाखालची माती उशिरा तापते, म्हणून बी उगवून रोप चार पानांचं झाल्यावरच ते घाला आणि खोडाला चिकटू देऊ नका. पाण्याची वेळही बदला. थंडीत सकाळी नऊनंतर पाणी द्यायचं, कारण पहाटे टाकीतलं पाणी बर्फासारखं असतं. रात्री उबदार झाल्या की संध्याकाळी. दुपारी पाइप लावावाच लागला तर पहिलं बादलीभर पाणी सोडून द्या. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पाणी हाताला चटका देतं.

गार रात्री, गरम दिवस आणि मधूनच ढगाळ हवा हे मावा आणि भुरीचं आवडतं हवामान. मावा कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसतो. सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झटका, तेवढ्याने बरंच काम होतं. न गेला तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात दोन मिली साबणाचं पाणी, आणि फवारणी सूर्य कलल्यावरच. उन्हात मारलेलं तेल पानं भाजतं. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी दिसली तर ती पानं खुडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. मिरचीचा बोकड्या मात्र एकदा पूर्ण वळला की सुधारत नाही. असं रोप काढून टाका, बाकीची वाचतील.

राहिला अवकाळी पाऊस. फेब्रुवारी-मार्चमध्ये बंगालच्या उपसागराकडून येणारे दमट वारे आणि उत्तरेकडून येणारे कोरडे, गार वारे विदर्भ-मराठवाड्यावर एकमेकांना भिडतात आणि गडगडाटासह गारा पडतात. 2014 च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये झालेली गारपीट राज्यातला कोणताही शेतकरी विसरलेला नाही. घरच्या बागेचं नुकसान त्यापुढे काहीच नाही, पण ते टाळणं हातात असतं. शेडनेट घट्ट ताणून बांधलेली असेल तर लहान गारा तिच्यावरच अडतात. सैल जाळीत गारा साठतात आणि सगळंच खाली येतं. इशारा असेल तेव्हा लटकत्या कुंड्या खाली उतरवा, उंच रोपांना काठीचा आधार द्या, रोपांचे ट्रे घरात घ्या. गारा पडून गेल्यावर लगेच छाटणी किंवा खत नको. मोडून लोंबणाऱ्या फांद्या तेवढ्या कापा, कुंड्यांतलं साचलेलं पाणी काढा, आणि जखमांतून बुरशी शिरू नये म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम फवारा. फाटलेली पानं तशीच राहू द्या. दिसायला वाईट दिसतात, पण नवी पानं येईपर्यंत झाड त्यांच्यावरच जगतं.

‘मेघदूत’ ॲपवर आपल्या जिल्ह्याचा अंदाज आणि कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीत मिळतो. तो शेतकऱ्यांसाठी असला तरी गच्चीवरच्या बागेलाही तितकाच उपयोगी आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर आधी सूचना देतं. दोन्ही फोनमध्ये असू द्या. आणि एक कळकळीची विनंती: ढग गडगडायला लागले की कुंड्या वाचवायला गच्चीवर धावू नका. आवराआवर आदल्या दिवशी करा, राहून गेली तर राहू द्या. भेंडी पुन्हा लावता येते.